चौथ्या पायाचा बोल्ट

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे आणि मला राग आला आहे.

मित्रांनो, अशी गोष्ट जन्मापासून सुरू करायची असते, हे मला ठाऊक आहे. माझ्यासमोर डबे घेऊन थांबलेली मुलं शाळेचे निबंध मोठमोठ्यानं पाठ करत असतात. त्यातली छत्री, त्यातला फळा, त्यातली शाळेची घंटा, सगळी गुणी बाळासारखी जन्मापासून बोलतात. मी तसं करणार नाही. जन्म मध्येच कुठेतरी येईल. आधी भांडण.

त्याआधी एक सांगते. माझा पट्टा फिरत असतो तोवरच मला बोलता येतं. बंद असले की फक्त दिसतं आणि ऐकू येतं. आमच्या काष्टी गावात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. तेव्हा एखादं वाक्य अर्धंच राहिलं तर थोडं थांबा. मी परत येईन.

भांडण पैशांचं होतं. दुरुस्ती झाली, पण दुखणं गेलं नाही. मग दुरुस्तीचे पैसे द्यायचे की नाही?

भांडणारी माणसं दोन. एक माझी मालकीण भिमाबाई. दुसरा मच्छिंद्र मिस्त्री. तो एरवी नागापूरच्या एका कारखान्यात कामाला असतो आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलला हत्यारांची पिशवी अडकवून गावोगावच्या गिरण्या दुरुस्त करत फिरतो. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते. पण दुखत होतं मला, आणि मला कुणी

(लाईट गेली.)

(लाईट आली.)

विचारलं नाही.

आता जन्म. नागापूरच्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा सांगाडा जोडला, त्यावर दोन दगड बसवले आणि अंगाला हिरवा रंग दिला. भिमाबाईचे यजमान रखमाजी मला न्यायला स्वतः आले होते. टेम्पोत ते ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत, मागे माझ्यापाशी बसले. खड्डा आला की माझ्यावर हात ठेवायचे, जणू मी घाबरले असेन. मी घाबरलेच होते.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे विड्याच्या पानावर सुपारी मांडली, गणपती म्हणून तिची पूजा केली, नारळ फोडला. ती सुपारी मग देव्हाऱ्यात एका डबीत राहिली. मित्रांनो, ती लक्षात ठेवा. सगळं रामायण तिच्यापाशीच येणार आहे.

बालपण: नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कामाला लागले.

मग माझे चांगले दिवस. गहू, ज्वारी, बाजरी, डाळीचं पीठ. नवरात्रात उपवासाची भाजणी, तीसुद्धा सकाळी मला झाडूनपुसून, धान्याचा कण आत नसताना. दर खंडेनवमीला मला झेंडूचा हार. बाजारच्या दिवशी तर दारात डब्यांची रांग लागायची आणि बायका रांगेत स्वतः उभ्या न राहता डबे उभे करून गप्पा मारायच्या. माझं कौतुक एकाच शब्दात व्हायचं. माझ्यातून पडणारं पीठ मुठीत घेऊन बाया म्हणायच्या, “गार हाय.” तुम्हाला हे कौतुक वाटणार नाही. पण दगड नीट बसलेले नसले की पीठ तापतं, आणि तापलेल्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते. गार पीठ म्हणजे निरोगी गिरणी.

रखमाजी गेले. भिमाबाई चालवू लागली. तिनं मला एक दिवससुद्धा उपाशी ठेवलं नाही आणि मीही तिला ठेवलं नाही.

गेल्या दसऱ्याआधी तिच्या सुनेनं, सीमानं, गिरणीच्या खोलीत नवी फरशी बसवून घेतली. मला उचललं, बाजूला ठेवलं, परत जागेवर आणलं. चारही पाय बोल्टनं फरशीला आवळायचे होते. तीन आवळले. चौथ्याच्या वेळी भिमाबाई देव्हाऱ्यातली डबी घेऊन आली. घराचा पाया भरताना घालतात तशी ती सुपारी तिनं माझ्या चौथ्या पायाखालच्या खळग्यात ठेवली आणि पायाला हळदीकुंकू वाहिलं. “ह्यांचा हात राहू द्या हिच्याखाली,” म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग गवंड्याला म्हणाली, “ह्यो बोल्ट आवळू नका बरं का. देवाची सुपारी हाय, फुटंल.”

गवंडी म्हणाला, “बरं.”

त्या ‘बरं’पासून माझं दुखणं सुरू झालं.

तीन पाय जमिनीवर, चौथा सुपारीवर. फिरू लागले की अंग थरथरायचं, वरचा दगड खालच्यावर एका बाजूनं घासायचा. दगडाचा चुरा पिठात. पीठ तापलेलं. आवाज असा, की मला माझीच लाज वाटायची. मी सांगत होते, रोज, चालू असेपर्यंत. पण गिरणीच्या आवाजाला कोण बोलणं म्हणतं?

शेजारच्या रंगुबाईचं आणि भिमाबाईचं लग्नापासूनचं मैत्र. एका सकाळी ती भाकरीचा तुकडा हातात घेऊनच दारात आली.

“भिमे, ही भाकर हाय का नदीची वाळू? आमच्या म्हाताऱ्याचा उरलासुरला दात पडायचा!”

“तुझी बाजरीच खड्याची असंल.”

“पाखडून आनली हुती मी. आन् तुझ्या डोळ्यांम्होरं वतली.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “बाया बोलत्यात गं. बाजारतळाकडच्या नव्या गिरणीत जायला लागल्यात. मी तुला म्हनून सांगते.”

त्या दिवशी पुण्याहून मुलाचा, तुषारचा, फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी सगळं ऐकलं. “आई, आता बास कर. भंगारवाल्याला दे. तुला कशाला पाहिजे हा त्रास?”

भंगारवाला. मित्रांनो, आमच्या जातीत यमाला हेच नाव आहे.

भिमाबाईनं मच्छिंद्र मिस्त्रीला बोलावलं.

आता माझा खरा राग ऐका. तो आला आणि पहिली गोष्ट काय केली? मला बंद केलं. तपासायचं म्हणून सगळे आधी मला बंद करतात! पेशंटच्या तोंडावर हात ठेवायचा आणि विचारायचं, कुठं दुखतं? चालू असताना त्यानं माझ्या सांगाड्यावर नुसता तळहात ठेवला असता, रखमाजी ठेवायचे तसा, तरी सगळं कळलं असतं. त्यानं बेअरिंग काढलं. ते ठणठणीत होतं. नवं घातलं, जुनं भिमाबाईच्या देखत पिशवीत टाकलं. पट्टा ढिला होता, तो ताणला; ते बरोबर केलं. दगडांना टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं ठोकून खरखरीत केले. तेही चांगलं केलं, माझं खोटं बोलणं नाही. मग खाली वाकून तो एकेका पायाचा बोल्ट पान्यानं तपासू लागला. पहिला. दुसरा. तिसरा.

आता, मला वाटलं. आता.

“त्याला हात लावू नका,” भिमाबाई म्हणाली. “तिथं पूजेची सुपारी हाय.”

मच्छिंद्रनं तो बोल्ट बोटानं हलवला. तो हलला. त्यानं भिमाबाईकडं पाहिलं, कुंकू लागलेल्या पायाकडं पाहिलं, आणि

(लाईट गेली.)

(आली. गेली. आली.)

आणि म्हणाला, “बरं.”

दुसरं ‘बरं’!

थोडा भरडा काढून त्यानं मला चालवून दाखवलं. जनावरांचा भरडा कसाही निघतो, त्यात काय कळणार? “झालं बघा मावशी. नव्यावानी पळंल. पैसं सांजच्याला घेतो, खर्ड्याला दुसऱ्या गिरनीवर जायचंय,” म्हणाला आणि गेला.

दुपारी रंगुबाईचं पीठ पडलं. तिनं चिमूट जिभेवर ठेवली आणि नुसतं भिमाबाईकडं बघितलं. कचकच तिच्या दातात झाली, पण ऐकू सगळ्यांना गेली.

संध्याकाळी मच्छिंद्र पैसे घ्यायला आला तेव्हा भिमाबाई उंबऱ्यातच बसली होती.

“कसलं पैसं रं?”

“सकाळच्या कामाचं, मावशी.”

“काम झालं कुठं? बेअरिंग बदाललं तरी कचकच हाय तशी हाय.”

“आता घ्या! बेअरिंग घातलं, टाकी लावली, पट्टा ताणला. माझा घाम गेला का न्हाई? डागतर पेशंट बरा न्हाई झाला म्हनून फी माघारी देतो व्हय?”

“डागतर चांगला पाय कापून पिशवीत घालून न्हेत न्हाई.”

दारातल्या बायका फसकन हसल्या. मच्छिंद्रचे कान लाल झाले.

“आसं आसंल तर माझं बेअरिंग काढून न्हेतो.”

“न्हे की! पन आधी बघ, कानानं बघ, काय केलंयस ते.” आणि तिनं उठून खटका दाबला.

मी सुरू झाले. मित्रांनो, मी त्या दिवशी मुद्दाम जोरात ओरडले, हे कबूल करते. सगळं अंग हलवलं. सीमा झाडू घेऊन बाजूलाच उभी होती. माझ्या पायांभोवती पीठ सांडलेलं असतं नेहमी. तिची नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली.

“आत्या, हिकडं बघा. तिन्ही पायांपाशी पीठ गप पडलंय. ह्या पायापाशीच नाचतंय.”

सगळे वाकून बघू लागले. चौथ्या पायाभोवतीचं पीठ कढईतल्या लाह्यांसारखं उडत होतं. हळदीकुंकू पण.

मच्छिंद्र पुटपुटला, “मला वाटलंच हुतं.”

भिमाबाईनं खटका बंद केला.

“काय वाटलं हुतं?”

“आता... बोल्ट ढिला हाय, आसं. पन तुमीच म्हनला, हात लावू नको.”

“आन् तू लावला न्हाईस! मी म्हनले आसते बेअरिंगला हात लावू नको, तर ठिवला आसतास का त्योच जुना?”

“मावशी, देवाधर्माचं हाय त्ये. मी कसं बोलू? उद्या गिरनी बंद पडली तर गाव म्हनंल, मच्छिंद्रानं सुपारी फोडली.”

“तोंडानं सांगितलं आसतंस तर मी माझ्या हातानं काढली आसती. मला काय ठावं, एका बोल्टानं येवढं हुतं? ठावं तुला हुतं. ठावं आसून तू चांगलं बेअरिंग बदाललंस आन् दुखनं तसंच ठिवून खर्ड्याला गेलास. घामाचं पैसं म्हनतोस? घाम तू चुकीच्या जागी गाळलास रं.”

मच्छिंद्रनं पिशवीतून पाना काढला. पण आधी सुपारी काढायची होती, आणि ते भिमाबाईलाच करायचं होतं. ती खाली बसली. सीमानं पहारीनं माझा पाय किंचित उचलला. भिमाबाईनं दोन बोटं खळग्यात घालून सुपारी बाहेर काढली. ती किडीनं पोखरली होती. हातात घेताच तिचे दोन तुकडे झाले. काय जपत होतो आम्ही सगळे? तिनं ते तुकडे पदराच्या टोकाला बांधले.

मग म्हणाली, “आवळ.”

मच्छिंद्रनं बोल्ट आवळला. पाना एकदा फिरला, दोनदा फिरला, आणि माझा चौथा पाय फरशीला टेकला. किती महिन्यांनी जमीन लागली! दगड झिजले होते, म्हणून त्यानं वरचा दगड उतरवून पुन्हा सारखा करून बसवला, कुणी न सांगता.

आता पैसे.

“टाकीचं घे,” भिमाबाई म्हणाली. “पट्ट्याचं घे. आत्ता दगूड सारखा केलास, बोल्ट आवळला, त्येचं दुप्पट घे, कारन सुपारी म्या ठिवली हुती, ती चूक माझी हाय. बेअरिंगचं न्हाई देनार. माझं जुनं कुठाय?”

“पिशवीतच हाय. भंगारात घालनार हुतो.”

“फिरीव बघू.”

त्यानं ते बोटावर धरून फिरवलं. ते न कुरकुरता गरागरा फिरत राहिलं, थांबेचना. रंगुबाई म्हणाली, “बाई बाई, मेल्यालं मानूस उठून फुगडी घालतंय!” मच्छिंद्रलासुद्धा हसू आलं. त्यानं मुकाट्यानं नवं काढलं, माझं मला परत दिलं आणि ठरले तेवढेच पैसे घेतले. जाताना म्हणाला, “मावशी, पुढच्या बारीला बोलतो मी. देव आसू द्या न्हाईतर कुनी.”

चांगलं झालं. पण माझा राग गेलेला नाही. मिस्त्रीला त्याचे मिळाले, मालकिणीचे वाचले, आणि दोघांच्या ‘नको’ आणि ‘बरं’च्या मध्ये जो माझा दगड झिजला, तो मला कोण देणार? मित्रांनो, एखाद्या वस्तूवर माया असेल तर तिच्या पायाखाली माया कोंबू नका. ती नीट उभी आहे का ते बघा. आणि तुम्ही मोठेपणी दुरुस्ती करणारे व्हाल, तर दिसलं ते बोला. घरची माणसं रागावली तरी बोला. न बोलता केलेल्या कामाचे पैसे मागताना जीभ जरा

(लाईट गेली.)

(लाईट आली.)

जाऊ दे. तात्पर्य पुरे झालं, रांग लागली आहे.

सुपारीचे दोन तुकडे भिमाबाईनं परत त्या डबीत ठेवले आणि डबी देव्हाऱ्यात. आज सकाळी पहिलं दळण टाकण्याआधी तिनं मला सुरू केलं आणि माझ्या सांगाड्यावर तळहात ठेवून नुसती उभी राहिली. टेम्पोत रखमाजी ठेवायचे, तसा. मी थरथरले नाही.

आता रंगुबाईच्या बाजरीचं पीठ पडतं आहे. या, मित्रांनो, जवळ या. इथं कुणी नको म्हणणार नाही. हात लावून बघा. गार आहे.