झाडीतली वीस मिनिटं

तपासणीच्या खोलीत बारा टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर एक दिवा. चष्म्याची काच दिव्यासमोर धरायची, मागे काळं कापड, आणि काचेत ओरखडा, बुडबुडा, धुरकट डाग असलं काही आहे का ते बघायचं. चांगली काच पांढऱ्या ट्रेमध्ये, खराब काच लाल ट्रेमध्ये. एका काचेला मिनिटभर. काम एवढंच, पण संध्याकाळपर्यंत डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकल्यासारखं व्हायचं.

सुपरवायझर घड्याळाकडे बघत चालायचे, म्हणून सगळ्या जणी पाठीमागे त्यांना काटेसाहेब म्हणायच्या. काटेसाहेब रोज चांगल्या काचांमध्ये मुद्दाम काही खराब काचा मिसळून ठेवत. त्यांना ‘सापळा’ म्हणत. सापळा नजरेतून सुटला की त्या दिवसाच्या आकड्यातून दहा काचा वजा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाराही जणींचे सरासरी आकडे फळ्यावर लागायचे आणि जी बारावी असेल ती खाली जायची. खाली म्हणजे तळघरात. तपासलेल्या काचा तिथे औषधाच्या पाण्यात धुवून मग पॅकिंगला जात. त्या पाण्याने पहिल्या महिन्यात नखं पिवळी पडत आणि तिसऱ्या महिन्यात बोटांची सालं निघू लागत. खाली गेलेल्या बाईच्या टेबलावर नवी मुलगी यायची; ती बाई पुन्हा वर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मावशी त्या खोलीत सगळ्यांत वयस्कर. सातव्या टेबलावरच्या मुलीची ती सख्खी मावशी, पण हाक सगळ्यांचीच तीच होती. बारापैकी सात जणींना काच धरायला तिनेच शिकवलं होतं. गेले काही महिने ती फळ्यावर घसरत चालली होती. नववी, मग दहावी, मग अकरावी. डबा खाताना कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “आता मावशीची पाळी,” आणि ते तिने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन इमारतीमागच्या झाडीत जाऊन बसू लागली. कुणाचं बोलणं कानावर पडू नये, एवढाच तिचा हेतू होता.

आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं की झाडीतून परतल्यावर डोळ्यांतली वाळू गेलेली असते. दुपारनंतरचा एकही सापळा सुटत नाही. तिचा आकडा तीनशे दहावरून तीनशे बावन्नवर गेला आणि त्या महिन्यात ती सहावी आली.

अकरावी आली ती भाची.

बहीण गेली तेव्हा ही पोर नऊ वर्षांची होती. तेव्हापासून दोघी एकाच घरात राहत होत्या. त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता भाचीने सुरी खाली ठेवली.

“मावशी, पुढच्या महिन्यात मी खाली जाणार गं.”

“वेड्यासारखं बोलू नकोस.”

“तुला काय, तू सहावी आलीस! माझे एका आठवड्यात चार सापळे गेले. माझ्या हातांची सालं निघाली ना, तर मी जेवायलाही कुणासमोर बसणार नाही.”

मावशीने तिला झाडीची गोष्ट सांगितली. भाची दोन दिवस तिच्याबरोबर गेली, जांभया देत बसली आणि तिसऱ्या दिवशी जाऊन काटेसाहेबांना सगळं सांगून आली. आपण कामाची गोष्ट सांगितली तर साहेब आपल्याला सांभाळून घेतील, असा तिचा हिशोब होता.

काटेसाहेबांनी तिला काही सांभाळून घेतलं नाही. पण झाडांमध्ये वेळ घालवला की माणसं जास्त काम करतात, असं त्यांनीही कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. दीड वाजता शिट्टी, बाराही जणींनी झाडीत जायचं, वीस मिनिटांनी दुसरी शिट्टी.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे आकडे पडले.

का पडले, ते मावशीला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्या अकरा जणी झाडीतही तपासणीच करत होत्या.

“हे बघ, या पानाला भोक.”

“माझी अठरा झाली. तुझी?”

“ते बुंध्यावरचं काळं धरायचं का गं खराबीत?”

“अगं, हे अख्खं झाडच लाल ट्रेमध्ये टाक!”

हसू उसळायचं आणि पुन्हा डोळे बारीक व्हायचे. परत येताना त्यांचे डोळे जातानापेक्षा लाल असायचे. तीनशे बावन्न काचा करणारी एकटी मावशी. भाची दोनशे नव्वदवर, सगळ्यांत खाली.

काटेसाहेबांनी मावशीला बोलावलं. “मावशी, आम्हाला तुम्ही फसवलंत की झाडांनी? उद्यापासून हे बंद.”

मावशी गप्प राहिली असती तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. तिच्या डब्याची वेळ तिची होती, झाडी तिची होती, सहावा नंबरही तिचाच राहिला असता. हे तिला नीट दिसत होतं. त्याच्याशेजारी भाचीचा दोनशे नव्वदचा आकडाही दिसत होता.

“साहेब, तीन दिवस द्या. त्यांना अजून जमत नाही.”

“झाडाखाली बसायला जमत नाही?”

“बसायला जमतं. बघणं थांबवायला जमत नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने अकरा जणींना ओळीत बसवलं, लहान मुलांना अक्षर गिरवायला बसवावं तसं. “जवळचं काही बघायचं नाही. त्या लांबच्या झाडाकडे नजर जाऊ द्या आणि तिथेच राहू द्या. ते चांगलं की वाईट, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. काही शोधू नका.”

“मग काय करू? झोपू?”

“झोपलीस तरी चालेल. फक्त लाल ट्रे इथे आणू नकोस.”

ती एकेकीपाशी जाऊन बसली. जिचा जबडा आवळलेला, तिला तोंड जरा उघडं ठेवायला सांगितलं. भाचीच्या कपाळावरच्या आठीवर तिने अंगठा ठेवला आणि आठी सुटेपर्यंत उचलला नाही. पहिल्या दिवशी कुणालाच जमलं नाही. दुसऱ्या दिवशी चौघींना जमलं. तिसऱ्या दिवशी शिट्टी झाली तरी कुणाला ऐकू गेली नाही आणि काटेसाहेबांना स्वतः बोलवायला यावं लागलं.

त्यानंतर आकडे चढले ते चढतच राहिले. तीनशे नव्वद, चारशे, चारशे दहा. तरुण डोळे होते; त्यांना विसावा मिळायचाच बाकी होता. भाची चारशे वीसवर गेली. ती टेबलावर बसून गुणगुणू लागली. मावशीने चष्म्याचा नंबर बदलून बघितला, दिवा जवळ ओढून बघितला, पाणी पिण्यासाठी उठणं बंद केलं. तिचा आकडा तीनशे बावन्नच राहिला. तिच्या डोळ्यांकडे जेवढं होतं तेवढं झाडीने आधीच काढून दिलं होतं.

महिन्याच्या शेवटी फळा लागला. भाची पाचवी, मावशी बारावी.

काटेसाहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. “मावशींमुळे या खोलीचं काम कुठल्या कुठे गेलं. वरून माझं कौतुक झालंय.”

“मग साहेब,” मावशी म्हणाली, “माझा आकडा गेल्या महिन्याएवढाच आहे. गेल्या महिन्यात मी सहावी होते.”

“आकडा तोच आहे हो. बाकीच्यांचा तो राहिला नाही ना!” ते अगदी समजावणीच्या सुरात बोलले. “बारावी ती बारावी. तुमच्यासाठी नियम वाकवला तर या मुली मला हसतील.”

मुली हसत नव्हत्या. प्रत्येकीने फळ्यावर आधी खालचं नाव वाचलं होतं आणि मग श्वास सोडला होता.

“दुपारी झाडीत गेले तर चालेल ना?”

“खाली नजरेचं काम कुठे असतं, मावशी? झाडी तपासणीवाल्यांसाठी आहे.”

मावशी टेबलाचा खण रिकामा करत होती तेव्हा भाची जवळ आली. तिने खुर्ची जरा खिडकीकडे सरकवून बघितली. मग म्हणाली, “मावशी, तुझं टेबल खिडकीजवळचं आहे. दुसरी कुणी मागायच्या आत मी साहेबांशी बोलून घेतलं. चालेल ना?”

“चालेल.”

“तू रागावलीस का? मी काय केलं यात? तूसुद्धा जरा जोर लावायचास ना.”

“दिव्याची मान ढिली आहे,” मावशी म्हणाली. “कागदाची घडी लावत जा, नाहीतर प्रकाश तिरका पडतो आणि बुडबुडा दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी ती तळघरात उतरली. लांबलचक टाक्या, त्यांच्या काठाशी सहा बायका, आणि वरून घसरगुंडीवरून येणारी काचांची खोकी. तिथली थोरली बाई बोलताना हात पदराखाली ठेवायची. तिने मावशीला हातमोजे दिले. उजव्याला दोन भोकं होती.

“पूर्वी चार हजार काचा यायच्या दिवसाला,” थोरली म्हणाली. “आता पाच हजार. बाया मात्र सहाच, एक आली की एक हात गेले म्हणून घरी जाते, आणि मोजेही तेच.”

दीड वाजता खोकी यायची एकदम थांबली. मावशीने हात पाण्याबाहेर काढले.

“काय करतेस? हात घाल आत!” थोरली ओरडली. “हीच वीस मिनिटं असतात साठलेलं उपसायला. वरच्या बाया झाडाखाली जाऊन बसतात म्हणे, आणि परत आल्या की अशा सुटतात की आम्हाला नाक पुसायला फुरसत राहत नाही. कुणीतरी शिकवलंय त्यांना. भेटू दे एकदा, याच टाकीत तोंड बुडवते तिचं.”

बाकीच्या पाच जणी खदखदून हसल्या.

“तू वरूनच आलीस ना गं? कोण आहे ती?”

“होती एक म्हातारी,” मावशी म्हणाली. “आता नाही तिथे.”

“बरं झालं मेली गेली ते,” थोरली म्हणाली. “चल, हात चालव.”