मागचं चाक कुठल्या बाजूचं

बाजारात मला कानसेन म्हणतात. गाडी दारात यायच्या आधीच हा तिचं दुखणं सांगतो, अशी ख्याती. गेली दोन वर्षं गाडी दारात येऊन उभी राहिली तरी मला पत्ता नसतो, हा भाग वेगळा. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, गाड्याही तसल्याच निघाल्यात. बायको म्हणते, कान दाखवून या. मी म्हणतो, दाखवायचंय काय त्यात, दोन्ही जागेवर आहेत.

त्या दिवशी सकाळी ताई तिची हायब्रीड घेऊन गॅरेजवर आली. ताई माझी थोरली बहीण. तीस वर्षं गणित शिकवलं, अजूनही समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखं बोलते.

"मागून घूं घूं आवाज येतोय," ती म्हणाली. "चाळीसच्या पुढे गेलं की. उद्या दवाखान्यातून लेकीला आणि बाळाला आणायचंय, दोनशे किलोमीटर. आठ दिवसांचं बाळ आहे रे, मागेच बसणार ती दोघं."

हे सगळं मी तिच्या तोंडाकडे बघत नीट ऐकलं.

चक्कर मारायला निघालो. मी चालवत होतो, ताई शेजारी. हायब्रीडचं एक बरं असतं. बॅटरीवर चालताना इंजिन गप्प, त्यामुळे बेअरिंग गेलं असेल तर बहिऱ्यालाही ऐकू येतं. गिऱ्हाइकांना असं मीच सांगत आलोय. पन्नासला पोचलो. गाडीत चिडीचूप.

"ऐकलंस?" ताईनं विचारलं.

"ऐकलं तर!" मी म्हणालो.

पुढच्या वळणावर ती आणखी काही बोलली. माझं लक्ष रस्त्यावर होतं, त्यामुळे "वळलं की वाढतो" एवढंच हाती लागलं. कुठे वळलं की, ते राहिलं. आता वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर पडतो. डावीकडे वळताना आवाज वाढला तर दुखणं उजव्या चाकात, आणि उलट. म्हणजे अख्ख्या वाक्यात तोच एक शब्द कामाचा होता. पुन्हा विचारायला काय झालं होतं मला? पण कानसेनानं "काय म्हणालीस?" म्हणायचं म्हणजे आचाऱ्यानं मीठ कशाला म्हणतात ते विचारण्यापैकी.

"उजवं मागचं," मी ठणकावून सांगितलं.

गॅरेजवर येऊन गाडी बंद केली आणि चावी लांब ड्रॉवरमध्ये टाकली. ही जात चालू राहिली तर उभ्या उभ्या आपणहून इंजिन सुरू करते. गाडी उचलून स्टँडवर घेतली, चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर तारेनं टांगला, डिस्क उतरवली, सेन्सरची वायर सोडवली. मागून चार बोल्ट. हब गंजून असं बसलेलं की अर्धा तास हातोड्यालाही दाद देईना. शेवटी निघालं. त्यातच बेअरिंग असतं. हातात धरून फिरवलं.

लोण्यासारखं फिरलं.

चांगलं बेअरिंग काढलं होतं मी. ताई बाहेर बाकावर बसली होती, तिचं लक्ष नव्हतं. मी ते फडक्याखाली ढकललं आणि नवं बसवलं.

पुन्हा चक्कर.

"गेला आवाज," मी म्हणालो. माझ्यापुरता तो आधीही नव्हता.

"अजून आहे."

"नवं आहे ना, बसायला जरा वेळ लागतो."

तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला मी हे सांगत होतो. तिनं हातानं खुणावून गाडी बाजूला घ्यायला लावली. मग माझ्याकडे पूर्ण वळली आणि सावकाश विचारलं, "बाळाला कुठल्या बाजूला बसवू?"

"म्हणजे?"

"उजवीकडे की डावीकडे? तू सांगशील तिथे बसवते."

मी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणालो, "मला ऐकू येत नाही गं, ताई."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

"आणि मला आज सांगतोयस, गाढवा?"

"लोक कानसेन म्हणतात मला."

"लोक काय, नाकानं कांदे सोलणाऱ्यालाही आचारी म्हणतील! चल, गाडी फिरव. उजवीकडे वळलं की वाढतो, असं म्हणाले होते मी. उजवीकडे!"

म्हणजे डावं चाक.

या वेळी आधी हात लावून बघितला. गाडी उचलायची, एक हात स्प्रिंगवर ठेवायचा, दुसऱ्यानं चाक फिरवायचं. ही रीत मी जन्मभर नवशिक्यांची म्हणून हिणवली. डाव्या स्प्रिंगवर तळवा ठेवला आणि आत कुणी वाळू दळतंय अशी खरखर थेट कोपरापर्यंत आली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एवढं साधं होतं.

दुसरं हब आणायला पार्टच्या दुकानात गेलो.

"जोडीनं बदलताय वाटतं?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. सकाळी चुकीचं बदललं."

त्यावर तो पाठमोरा होऊन काहीतरी बोलला. मी म्हणालो, "काय म्हणालात?" दुकानातल्या चौघांनी वळून बघितलं. बघू देत.

संध्याकाळी तिसरी चक्कर. या वेळी ताईनं चालवली. डावी वळणं घेतली, उजवी घेतली, सत्तरपर्यंत नेली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. येताना चौकात लाल सिग्नल लागला.

"गेला?" मी विचारलं.

"गेला."

"नक्की?"

"देवाशपथ गेला."

"कसा होता गं? करून दाखव ना एकदा."

आधी तिनं आजूबाजूला बघितलं. मग ओठ मिटून घुमायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आधी बारीक, मग वेग वाढावा तसा चढत गेलेला, आणि उजवीकडे वळताना भरून आलेला. सगळा आवाज हाताला लागला.

"बेअरिंगच," मी म्हणालो. "परत कर."

तिनं परत केला. मग थांबली आणि माझा हात खांद्यावरून काढून माझ्या मांडीवर ठेवला.

मागचा हॉर्न मारतोय, असं तिनंच सांगितलं.