दोन दिवसांची बॅग

दोन दिवसांच्या बॅगेत अख्खा संसार कसा भरायचा, हे मोबाइलवरची ती बाई कधी सांगत नाही. ती म्हणते, कपड्यांची घडी करू नका, वळकटी करा. मोजे बुटांत कोंबा. प्रत्येक लेकराचा रोजचा जोड वेगळ्या पिशवीत ठेवा. हे सगळं ती पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसून हसत हसत सांगते. तिच्या पोरांना बसमध्ये कधी उलटी होत नसावी, आणि तिच्या घरात सासूही नसावी.

माझ्या घरात आहे. तिचं नाव रुपीबाई. आम्ही तिला याडी म्हणतो, म्हणजे गोरबोलीत आई. घरात आमचं बोलणं गोरबोलीतच चालतं, पण ती बाजारात बोलते तशा वऱ्हाडीत तिचे शब्द इथे सांगते, म्हणजे सगळ्यांना कळतील.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा आर्णीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडा आत. माझा नवरा बादल वणीला कोळशाचा ट्रक चालवतो. महिन्यातून एकदा घरी येतो, पोरांना चॉकलेट देतो, आईच्या हातची भाकरी खातो आणि झोपतो. मी लग्नाआधी नर्सिंगचं शिक्षण घेतलं होतं. ते शिक्षण इथे कशाला उपयोगी पडलं, तर याडीचे गुडघे चोळायला. वणीतल्या एका खाजगी दवाखान्यात मला काम मिळालं तेव्हा मी न्हाणीत जाऊन रडले, आनंदानं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर आम्ही दुसरी बघतो. बादलनं खोलीही घेतली. फक्त आईला सांगायची त्याची हिंमत होईना.

"मायले तूच सांग," तो फोनवर म्हणाला.

"माय तुमची, तुमीच सांगा."

शेवटी कोणीच सांगितलं नाही. ठरलं असं, की दोन दिवस पोरांना चंद्रपूरचा किल्ला दाखवायला नेते म्हणून मी निघायचं आणि परत यायचंच नाही. मग तो फोनवर सांगणार. फोनवर त्याची जीभ जरा सुटते.

याडी वाईट नाही. वाईट असती तर मी केव्हाच भांडून मोकळी झाले असते. ती माझ्या पोरांना अंघोळी घालते, मी आजारी पडले की माझे पाय चेपते. पण तिचा मोठा मुलगा गोपाल आणि त्याची बायको एका दिवाळीनंतर पुण्याला म्हणून गेले ते गेलेच. ती नातवंडं आता हिला मोबाइलच्या पडद्यावर हात हलवतात. याडीच्या मते चूक तिचीच होती. त्या दिवशी ती पोरांचं एखादं कापड घरी ठेवून घ्यायला विसरली. तेव्हापासून मी माहेरी निघाले की ती माझी पिशवी उघडते, लेकरांचं एक कापड काढते आणि खुंटीला टांगते.

"घरात लेकराचं एक कापड राह्यलं पाह्यजे. मंग पाय वापस येते."

मला हे ठाऊक होतं, म्हणून मी तयारीत होते. शेजारच्या हंसाबाईकडे ती पापड लाटायला गेली, तेवढ्यात मी दार लावून बॅग भरायला बसले. बॅग जुनीच, माहेरी नेते तीच. नवी काढली असती तर लगेच डोळ्यांत भरली असती. सगळ्यात खाली लोखंडी तवा आडवा ठेवला, कारण नव्या खोलीत पहिल्याच दिवशी पोरांना भाकरी लागणार होती. त्यावर माझ्या दोन साड्या आणि पंजाबी ड्रेस, इतके घट्ट वळलेले की लाटणं म्हणून वापरता आले असते. थोरल्या लेकाच्या, सेवूच्या बुटांत मोजे, मोज्यांत औषधांच्या बाटल्या. डब्यात डबा, त्यात तिखट-मीठ. सेवूचा एक जुना फाटका सदरा सगळ्यात वर ठेवला, याडीनं उचलावा म्हणून.

पण रोशनीचे कपडे काही केल्या बसेनात. अडीच वर्षांच्या पोरीचे कपडे मुठीएवढे असतात, पण चेन लागेना. बॅगेवर बसून पाहिलं, तरी नाही. तेव्हा मला ती युक्ती सुचली, आणि स्वतःच्याच डोक्याचं मला केवढं कौतुक वाटलं! रोशनीचे तिन्ही फ्रॉक मी उद्या तिच्या अंगावरच चढवणार होते, एकावर एक. वरचा लांब बाह्यांचा, म्हणजे आतले दिसायला नकोत. पोरीचं फक्त एकच बॅगेत गेलं, माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा. तो गालाशी धरल्याशिवाय तिला झोप येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस. नवतपा चालू होता, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस. अंगणात पाय ठेवला तर चटका बसत होता, कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओलीत जाऊन पडली होती. मी रोशनीला तीन फ्रॉक घातले आणि ती किरकिरायला लागली. "गप, किल्ला पाहायचा ना?" म्हणत मी तिला कडेवर घेतलं.

याडी नेहमीसारखी बॅगेपाशी आली.  तिनं चेन उघडलीच नाही. नुसते बंद धरून बॅग उचलली. उचलताना बॅगेचं बूड तिच्या नडगीला लागलं, खणकन नाही पण कडक असं काहीतरी. तिनं बॅग हातात जरा तोलून पाहिली. आमच्या लोकांच्या कितीतरी पिढ्या बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर फिरल्या. ओझं हातात घेतलं की ते किती दूरचं आहे हे तिला कळत असणार, एवढं तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण याडीनं बॅग खांद्याला लावली आणि म्हणाली, "चाल, फाट्यावर येतो सोडाले."

"याडी, कापड नाही काढलं?" मीच विचारलं. मूर्ख मी.

"राहू दे या बारीनं."

मला इतकं हलकं वाटलं की फाट्यापर्यंत मी जवळजवळ पळतच गेले. मनात खोली लावत होते. तवा कुठे टांगायचा, सेवूला कोणत्या शाळेत टाकायचं, डॉक्टरबाईंना पहिल्या दिवशी काय म्हणायचं.

फाट्यावर निंबाखाली थांबलो. रोशनीचा चेहरा लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते, मान माझ्या खांद्यावर पडली होती. याडीनं तिच्या मानेला हात लावला.

"काव, इले तं ताप भरून राह्यला."

"ताप नाही, ऊन आहे."

"नवतप्यात लहान लेकरू कायले घेऊन जातं? राहू दे माह्याजवळ. दोन दिवसाची तं गोष्ट हाये."

आणि तिनं हात पुढे केले. रोशनी अर्धवट झोपेत तिच्या खांद्यावर गेलीसुद्धा, रोजची सवय.

 काय म्हणणार होते? दोन दिवसच तर होते. दोन दिवस आजीजवळ राहिली तर कुठे बिघडलं? ती तापलेली नाही, तिच्या अंगावर तीन फ्रॉक आहेत, हे सांगायचं, तर मग तीन का, हेही सांगावं लागलं असतं. मीच बांधलेल्या गाठीत माझाच हात अडकला होता.

तेवढ्यात बस आली. सेवू उड्या मारत आधीच चढला. कंडक्टर ओरडला, "चाला बाई, लवकर!" याडीनं बॅग आत सरकवली. मी एक पाय पायरीवर ठेवून मागे बघत होते, आणि मनात एक विचार आला, ज्याची मला आजही लाज वाटते. एकदा मी पोचले, की बादल येऊन रोशनीला घेऊन जाईल. एकदा मी इथून सुटले पाहिजे. मी दुसराही पाय उचलला. बस हलली.

पाचच मिनिटांत सेवूला उलटी झाली. फडक्यासाठी मी बॅगेत हात घातला आणि हाताला ओढणीचा तो तुकडा लागला. मग मी वेड्यासारखी बॅग उपसली. माझ्या साड्या, सेवूच्या चड्ड्या, डबे, तवा. रोशनीचं काहीच नव्हतं. तिचं जे काही होतं ते अंगावर घेऊन ती मागे राहिली होती, आणि जिच्यासाठी ती संध्याकाळी रडून घर डोक्यावर घेणार होती ती चिंधी माझ्या हातात होती. बादल येऊन तिला घेऊन जाईल म्हणे! जो आईला फोनवर एक वाक्य सांगू शकला नाही, तो तिच्या कडेवरून पोर काढून आणणार होता!

"थांबवा!" मी ओरडले.

"आता आर्णीलेच थांबते," कंडक्टर म्हणाला.

आर्णीला उतरले. परतीच्या काळी-पिवळी जीपमध्ये बसून बादलला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, उसासा टाकला आणि म्हणाला, "बरं, पुढच्या महिन्यात पाहू." हा पुढचा महिना मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की मला रडूसुद्धा आलं नाही.

तांड्यात आले तेव्हा उन्हं कलली होती. याडी ओट्यावर बसली होती. तिच्या मांडीवर रोशनी चड्डीवर, उघडी, मजेत कलिंगडाची फोड चोखत होती. ताप नव्हताच. अंगणातल्या दोरीवर तिचे तिन्ही फ्रॉक धुऊन वाळत घातलेले होते, ओळीनं.

याडीनं मान वर करून पाहिलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आली? तवा काढ बॅगेतला. भाकरी टाकाच्या हायेत."

माझा पाराच चढला. "याडी, मी तिथं राहाले चालली होती. काम लागलं मले. सोमवारी नाही गेली तं ते काम गेलं!"

"मालूम हाये."

"मालूम होतं तं फाट्यावर बोलली काहून नाही?"

"तू बोलली काय?"

 तिचा आवाज चढलेला नव्हता. डोळे मात्र भरले होते, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. ती ओरडली असती तर मी सेवूचा हात धरून, रोशनीला उचलून, उघडीच घेऊन चालती झाले असते. रडणाऱ्या माणसासमोरून पोर उचलून नेता येत नाही.

तिनं पदरानं नाक पुसलं आणि दोरीकडे हात केला.

"मी तं एकच कापड ठेवत होतो दरवेळी. तू तीन ठेवून गेली, बाई."

रोशनीनं कलिंगडाचे चिकट हात माझ्या गळ्यात टाकले. मी ओढणीचा तुकडा तिच्या गालाशी दिला, बॅग उघडली आणि तवा काढून चुलीवर ठेवला.