वादाचा डबा

कारखान्यात दोन खोल्या होत्या आणि मधल्या भिंतीला एक खिडकी. अलीकडच्या खोलीत थोरला भाऊ लेथवर पंपाचे दांडे कातायचा आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. पलीकडच्या खोलीत धाकटा ते उचलून मिलिंग मशीनवर बांधायचा आणि त्यांना खाच पाडायचा. खाच दांड्याच्या मधोमध नसे, एका अंगाला सरकलेली असे. पंप बनवणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तशीच लागायची.

कट्ट्यावर एक पत्र्याचा डबा होता. तयार दांडा मापात बसला नाही की दोघे खिडकीशी यायचे. थोरला म्हणायचा, बांधताना वाकडा बांधलास. धाकटा म्हणायचा, मुळात कातलासच वाकडा. निकाल लागत नसे, त्यामुळे दांडा भंगारातही जात नसे. तो डब्यात पडायचा. थोरल्याची बायको खरेदी आणि गिऱ्हाइकं बघायची. कामगारांपासून टपालवाल्यापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. डब्याला 'वादाचा डबा' हे नाव तिचं. कारखान्यात कधी पोलाद कमी पडलं, कधी कटर, पण हा डबा रिकामा पडल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

गिऱ्हाइकाने दांडे जास्त मागितले आणि जाता जाता, सभ्य शब्दांत, मापं जरा एकसारखी असावीत असंही सांगितलं. तेव्हा सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे भरलेल्या आकड्यांवर आपोआप चालणारं कातकामाचं मशीन, घ्यायचं ठरलं. घ्यायचं यावर एकमत होतं. कोणतं, यावर घरात जेवण गार व्हायला लागलं.

विक्रेत्याकडे दोन होती. पहिलं दांडा कातायचं, वर त्यात फिरती हत्यारंही होती. पण ती हत्यारं दांड्याच्या मध्याच्या रोखानेच आत शिरू शकत. दुसऱ्यात तेच हत्यार मध्यरेषा सोडून वर-खाली सरकायचं. त्याला वाय अक्ष म्हणतात. म्हणजे पहिलं घेतलं तर बाजूची खाच पाडायला दांडा खिडकीतून धाकट्याकडे येणारच. दुसरं घेतलं तर एका दाराने सळई आत, दुसऱ्या दाराने तयार दांडा बाहेर. खिडकीचं काम संपलं, आणि धाकट्याच्या हिशेबाने खिडकीपलीकडच्या माणसाचंही.

हे तो बोलला नाही. बाकी सगळं बोलला. जितके अक्ष जास्त तितकी दुखणी जास्त. हत्यार मध्य सोडून लांब गेलं की थरथरणार. असलं मशीन बिघडलं तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही. एके दिवशी तर त्याने त्याचा रंगही लवकर मळेल असं सांगितलं.

"भाऊजी," वहिनी पानात वाढता वाढता म्हणाली, "सून आणायची नसलेल्या सासूसारख्या खोड्या काढताय."

थोरला जेवत होता. एरवी धाकट्याने ऊन पडलंय म्हटलं तरी तो खिडकीबाहेर बघून खात्री करायचा. या खेपेस तो वाद घालत नव्हता, आणि धाकट्याला याचीच जास्त धास्ती वाटत होती. दादाचं ठरलंय, असा त्याने अर्थ लावला.

विक्रेत्याने सुचवलं की तुमचा जॉब, म्हणजे एक तयार दांडा, आणि त्याच्या मापांचा नकाशा घेऊन या, दोन्ही मशीनवर तुमच्यासमोर करून दाखवतो. नमुना निवडायचं काम धाकट्याने आपणहून अंगावर घेतलं. ज्याची खाच मध्यापासून सर्वांत लांब, शिवाय तिच्याशेजारी एक आडवं भोक, असा अवघड दांडा त्याने काढला. दुसरं मशीन यावर नक्की अडखळणार होतं. चांगले दांडे आदल्याच दिवशी गिऱ्हाइकाकडे गेले होते, म्हणून त्याने हाताशी होता तो उचलला. तो कुठून उचलला याचा घाईत त्याने विचार केला नाही.

विक्रेता बोलताना माहितीपुस्तिका छातीशी धरायचा. वहिनीने गाडीतून उतरता उतरता त्याचं नाव 'पुस्तिका' ठेवलं आणि ते दिवसभर टिकलं.

पहिल्या मशीनने दांडा सुरेख कातला. खाच पाडताना मात्र हत्यार मध्याकडे बघत राहिलं आणि दांडाच इकडे-तिकडे वळवून कसंबसं भागवावं लागलं. खाचेची एक भिंत तिरपी आली. पुस्तिका म्हणाला की हे जवळजवळ बरोबर आहे. धाकट्याचा चेहरा खुलला. तो म्हणाला की मशीन चांगलं आहे, कातू दे त्याला, खाच आपली आपण पाडू.

मग दुसरं सुरू झालं. कातून झाल्यावर दांडा थांबला, हत्यार खाली आलं, मध्यरेषा ओलांडून एका अंगाला सरकलं, क्षणभर उभं राहिलं आणि सरळ आत गेलं. धाकट्याचं नाक काचेला लागलं होतं. दार उघडल्यावर दांडा त्यानेच उचलला, खाचेतून नख फिरवलं, उजेडाकडे धरला, पुन्हा नख फिरवलं. काही सापडेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला कळलं असावं, कारण त्याने दांडा थोरल्याच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

तुलनेसाठी नवा दांडा आणि नमुना दोन्ही मापाच्या खोलीत गेले. तिथल्या बाईंनी दोन्ही मोजले आणि सांगितलं की नवा बरोबर आहे, तुम्ही आणलेला मात्र चुकलेला आहे.

तेव्हा धाकट्याला डबा आठवला. थोरल्याने तो दांडा ओळखलाच होता. त्यावरून दोघे दोन दिवस बोलले नव्हते. दोघेही ताठ उभे राहिले.

"चुकलंय कोण?" दोघांनी एकदमच विचारलं.

बाईंना प्रश्न नीट कळला नाही. त्यांनी पडद्यावरचे आकडे पाहिले. "कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "कातकाम मर्यादेत आहे, खाचेचं कामही मर्यादेत आहे. पण याचं जरासं या बाजूला, त्याचंही जरासं याच बाजूला. दोन्ही मिळून बाहेर गेलं. जॉब एकदा सोडून दुसरीकडे बांधला की कधीतरी असं व्हायचंच."

भावांचे चेहरे पाकीट मारलं गेल्यासारखे झाले. थोरल्याने पुन्हा मोजायला सांगितलं. बाईंनी मोजलं. तेच आलं. समोरच्या भिंतीवर ग्रीसची जाहिरात होती. वहिनी ती फार मन लावून वाचू लागली.

चहा आल्यावर पुस्तिकाने विचारलं, कोणतं देऊ. दुसरं घेतलं तर एका माणसाला शिकायला यावं लागेल, तोच पुढे मशीन सांभाळेल, असंही सांगितलं.

"दादा येईल," धाकटा म्हणाला. कपाकडे बघत म्हणाला. "कातायचं मशीन आहे, दादाचंच आहे."

थोरल्याने चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती.

"मला नाही जमायचं," तो म्हणाला. "मी जन्मभर मध्य धरून काम केलं. मध्य सोडून बाजूला जायचं आणि तरी चुकायचं नाही, ते डोकं तुझं आहे. तू शीक. तू नसशील तर ते दुसरं नकोच, पहिलंच घेऊ." मग फार बोललो असं वाटून त्याने जोडलं, "नाहीतरी वाकड्यात शिरायची सवय तुलाच आहे."

शेवटचं वाक्य सोडलं तर बाकीचं वहिनीला पाठ होतं. आठवडाभर दाढी करताना तो ते आरशाला म्हणून दाखवत होता.

धाकट्याने कप खाली ठेवला. "आणि कातायचं कोणी?"

"तूच. मी शेजारी उभा राहून सांगेन."

"तेच तर नको आहे," धाकटा म्हणाला, आणि दुसऱ्या मशीनची माहितीपुस्तिका विक्रेत्याच्या छातीपासून ओढून घेऊन वाचायला लागला.

मशीन आलं तेव्हा ते एका खोलीत मावेना. मधली भिंत पाडली, तिच्याबरोबर खिडकी गेली आणि कट्टाही. डबा वहिनीने कपाटावर ठेवला. त्यानंतर एकामागून एक दांडे मापात येत राहिले. भाऊ मशीनसमोर शेजारी शेजारी उभे राहायचे, प्रत्येक दांडा मोजायचे आणि न बोलता खोक्यात ठेवायचे. थोरला चिडचिडा झाला. धाकटा जेवताना हवापाण्याबद्दल बोलू लागला.

एका सकाळी एक दांडा मापाबाहेर निघाला. आता बांधणी एकच होती, ती वाकडी म्हणायची सोय राहिली नव्हती. दोघांनी तो आळीपाळीने फिरवून पाहिला.

"आकडे तू भरलेस," थोरला म्हणाला.

"सांगितलेस तू."

"मी सांगितले तेच भरलेस कशावरून?"

आवाज ऑफिसपर्यंत गेला. वहिनी स्टूलवर चढली, कपाटावरून डबा काढला, त्यावरची धूळ पदराने पुसली आणि दोघांच्या मध्ये, मशीनच्या झाकणावर ठेवून परत आपल्या कामाला गेली.