निंबवळच्या चावडीतली हजेरी

निंबवळच्या चेटकिणींचा खटला दोनशे चौदा वर्षं चालू आहे. रोज अकरा ते पाच चालतो, मध्ये जेवणाची सुट्टी असते आणि सोमवारी चावडी बंद. इतर गावांनी आपापले असले खटले कधीच उरकून टाकले. निंबवळकरांना कुठल्याच गोष्टीची घाई नाही. आरोपी बायका नऊ. इतक्या वर्षांत त्या एवढ्या हलक्या झाल्या आहेत, की सतरंजीवर बसवलं की प्रत्येकीच्या पदरावर नदीतला एकेक गोटा ठेवावा लागतो. नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानेही त्या छताला लागतात.

रसाळबाई तिथे गेल्या तो रविवार होता. शाळेचीच सहल, पण मुलांची नव्हे, बाईंची. चौदा शिक्षिका आणि एक मिनीबस. मुलं बरोबर नसली की शिक्षिका कशा वागतात हे मुलांनी न पाहिलेलंच बरं. घाट चढेपर्यंत दशम्यांचे डबे रिकामे झाले होते आणि हेडबाईंनी दोनदा भेंड्यांत लबाडी केली होती. रसाळबाई खिडकीशी, शेजारी धोंगडेबाई. सव्वीस वर्षं त्या दोघी स्टाफरूममध्येही अशाच शेजारी बसत आल्या होत्या.

चावडीत गर्दी नव्हती. मधे दोरी बांधलेली, पलीकडे सतरंजी. त्या दिवशी सतरंजीवर आठच बायका होत्या; नवव्या जागी नुसता गोटा पडला होता. पंच पानाला चुना लावत होते. कारकुनाने वही उघडली आणि हजेरी सुरू केली.

"भागी."

"हजर."

"काशी."

"हजर."

आवाज अगदी बारीक, चाळणीतून गाळल्यासारखे. आठ झाल्या. मग कारकून म्हणाला, "सगुणी."

कारकुनाने नवव्या जागेवरच्या गोट्याकडे पाहिलं.

"सगुणी," तो पुन्हा म्हणाला आणि पेन गैरहजेरीच्या रकान्याकडे नेलं.

हजेरीत एखादं नाव असं लोंबकळत राहिलं की रसाळबाईंच्या जिवाची घालमेल व्हायची. त्यांच्या वर्गात निम्मी मुलं ऊसतोड्यांची. कुणी शेळी बांधायला गेलेलं, कुणी धाकट्या भावाला झोळीत टाकून धावत येणारं. गैरहजेरी लागली की खिचडी बुडायची, म्हणून बाई स्वतःच स्वतःला सांगायच्या, "आहे, येतोय," आणि हजर लिहून टाकायच्या. एकतीस वर्षं हेच केलेलं. तोंडातून शब्द कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही.

"आहे, आहे. लिहा," रसाळबाई म्हणाल्या.

कारकुनाने लिहिलं. मग वर बघून म्हणाला, "मग बसून घ्या की, बाई."

सगळ्याजणी खो खो हसल्या. धोंगडेबाईंनी तर कोपरानं ढकललंच. रसाळबाईंचे गुडघे सकाळपासून जास्तच ठणकत होते, सतरंजी मऊ दिसत होती. त्या दोरीखालून पलीकडे गेल्या आणि बसल्या. फोटो निघाले. कारकुनाने त्यांच्या पदरावर गोटा ठेवला आणि त्याच क्षणी गुडघे दुखायचे थांबले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. रसाळबाईंना इतकं बरं वाटलं की त्या दोन मिनिटं आणखी बसल्या.

पंचांनी आरोप वाचला. "सगुणी हाक मारते आणि परक्याची पोरं आईला सोडून तिच्यामागे जातात. कबूल?"

रसाळबाईंना जूनचा पहिला दिवस आठवला. आईच्या कमरेला मिठी मारून भोकाड पसरलेली पोरं, आणि पाचच मिनिटांत आपल्यामागे रांगेत निघालेली. कधी कधी त्यांना त्या आयांकडे बघवत नसे.

"हो, पण ते तर माझं कामच..."

कारकुनाने "हो" एवढंच लिहिलं आणि वही मिटली.

साडेचारला बसचा हॉर्न वाजला. रसाळबाई उठल्या, गोटा घरंगळला, आणि त्यांचे पाय जमिनीला पोचेनात. कारकुनाने त्यांना खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं, गोटा जागेवर ठेवला. दोरी होती तिथेच होती, पण तिच्यापलीकडची माणसं आता शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असावीत एवढी लांब दिसत होती.

"अहो, मी सगुणी नाही," त्या म्हणाल्या.

"असाल नाहीतर नसाल. ते तुम्ही सांगून भागत नाही. ओळखीच्या माणसाने तुमचं नाव सांगायचं. पाचच्या आत सांगितलं तर नाव कमी करतो."

ते लांबूनही धोंगडेबाईंनी ऐकलं. त्या ताडताड चालत आल्या. यायला बराच वेळ लागला. दोरीशी पोचल्या तेव्हा धापा टाकत होत्या. "काय चालवलंय हे? या आमच्या रसाळबाई आहेत!"

"आडनाव नको. नाव."

धोंगडेबाईंनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. रसाळबाई आमटीत चिंच किती घालतात ते त्यांना माहीत होतं. साखरेची गोळी कुठली, नवऱ्याच्या आजारपणात त्या कुठल्या खोलीत जाऊन रडायच्या, हेही माहीत होतं. नाव कधी लागलंच नव्हतं. शाळेत सगळ्या बाईच. त्यांनी फोन काढला. फोनमध्ये "रसाळबाई शाळा" असं होतं.

"मस्टरवर इ. भा. रसाळ असं असतं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "इ... इंदिरा?"

"इंदिरा नाही," कारकून म्हणाला.

रसाळबाईंना ओरडून सांगावंसं वाटत होतं. इंदुमती, हो, इंदुमती! पण त्यांनी जन्मभर मागून उत्तर पुरवणाऱ्या मुलांचे कान उपटले होते. ओठ हलेनातच. रागही येत होता, सव्वीस वर्षं शेजारी बसून एवढंही माहीत नसावं याचा. तो राग पूर्ण यायच्या आत त्यांना कळलं, की धोंगडेबाईंचं नाव आपल्यालाही ठाऊक नाही. मग त्यांना फार लाज वाटली.

दारातून हेडबाईंची हाक आली. "धोंगडेबाई, चला! तुम्हीच तेवढ्या राहिलात."

"आणि रसाळबाई?"

"त्या कधीच्या बसल्यात. खिडकीशी. कुणाशी बोलत नाहीत, घाट लागला असेल. मी मोजलं ना, तेरा भरल्या."

धोंगडेबाईंनी दाराकडे पाहिलं, मग सतरंजीकडे. पाच वाजले. कारकून एकेक गोटा उचलून टोपलीत टाकू लागला. रात्री ते नदीवर धुवायला जातात. भागी वर गेली, काशी वर गेली. छताशी पदरांची सळसळ झाली. तो नवव्या गोट्याकडे वळला तशा धोंगडेबाई दोरीखालून घुसल्या आणि रसाळबाईंच्या पदरावर फतकल मारून बसल्या. त्या अंगाने भरलेल्या होत्या. सगळा भार त्यांनी पदरावर टाकला.

"न्या तुमचा गोटा," त्या कारकुनाला म्हणाल्या. "मी बसलेय. इरावती? इच्छा? ईश्वरी?"

कारकून प्रत्येक वेळी शांतपणे मान हलवत होता. बाहेर बस सुरू झाली, वळली, आणि तिचा आवाज घाटात उतरत गेला. धोंगडेबाईंनी तिकडे मान वळवली नाही. रसाळबाई सतरंजीपासून हातभर वर, पदराला धरून तरंगत होत्या. त्यांना धोंगडेबाईंच्या डोक्यावरचा पांढरा भांग दिसत होता, मेंदी लावायची राहून गेलेला. त्यांना भरून आलं.

उत्तर सांगायला बंदी होती, प्रश्न विचारायला नव्हती. त्या वाकल्या. "धोंगडेबाई, तुमचं नाव काय हो?"

"माझं?" धोंगडेबाई म्हणाल्या. त्या हसल्या, आणि सांगायला म्हणून थांबल्या. थांबून राहिल्या. कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा एकदा तोंड उघडलं, आणि त्यांच्या खाली दबलेला पदर हळूहळू सरकू लागला.