धुळीआडचे तारे

१९९८ च्या फाल्गुनात अमळनेरच्या एका महाविद्यालयात कुंदाबाईंच्या प्रबंधाची खुली मौखिक परीक्षा होती. चोपड्याहून वडील निंबाआबा येऊन मागच्या बाकावर बसले होते. पदवी मिळाली तरच लेकीची हंगामी अध्यापकी कायम व्हावयाची, हे ते जाणून होते.

विषय सृष्टीच्या बाल्याचा. नवजात, तेजस्वी तारे अतिनील प्रकाश उधळतात आणि अल्पायुषी ठरतात. म्हणून दूरच्या दीर्घिकांकडून युगांपूर्वी निघालेला तो प्रकाश मोजला की त्या युगात किती तारे जन्मले हे उमगते. परंतु तारे जन्मतात धुळीच्या मेघांत, आणि धूळ नेमका तोच प्रकाश गिळते. तेव्हा जन्म दिसतात त्याहून पुष्कळ अधिक, असे कुंदाबाईंनी अखेरच्या प्रकरणात मांडले होते.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "बाई, बाकी प्रबंध उत्तम. हे प्रकरण तेवढे गाळा, आजच सही करतो. तुमची धूळ म्हणजे निव्वळ अंदाज."

"धूळ नाहीच असे धरणे हाही अंदाजच ना, सर? फक्त तो शून्याचा."

मागे कोणीतरी हसले. परीक्षक हसले नाहीत. "चहा होईपर्यंत विचार करा."

ओसरीत आबांनी लेकीला गाठले. "हा म्हनी टाक ना, बेटा. बाकी बठ्ठं मानं त्यासनी. येक पाठ काढाथीन काय बुडनार शे?"

"आबा, उन्हायामा आपन केळीना घडेस्ले वाळेल पानं गुंडाळतस. व्यापारी बांधवर उभा राहीसन म्हने, घड कमी शेतस. तुम्ही हा म्हनतस का?"

"त्याना बापले बी नही म्हनसू." आबा थबकले. "पन व्यापारीना हातमा तुन्ही नोकरी नही व्हती ना."

कुंदाबाईंनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. त्या आत गेल्या.

"प्रकरण राहील, सर."

"मग प्रबंध परत जाईल. जूनमध्ये तुमच्या जागी दुसरे कोणी शिकवील."

"शिकवू दे. गिळलेला प्रकाश धूळ उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. तोही मोजून जोडीन. पुढच्या खेपेस हे प्रकरण दुप्पट असेल."

परीक्षकांनी 'अमान्य' असा शेरा लिहून कागद पुढे सरकवला. कुंदाबाईंनी तो सावकाश वाचला, पोच म्हणून पूर्ण नावानिशी सही केली आणि जाड प्रबंध छातीशी धरून भर उन्हात फाटकाबाहेर पडल्या.

चोपड्याच्या एस.टी.त गावचे जीवराम भेटले. "निंबाभाऊ, पोर पास व्हयनी का?"

"नही," आबा म्हणाले. "पन मांगे हटनी नही."