दोन देशांचे भाव सांगणारी पाटी

मित्रांनो, आज मला कोणी पाहिले तर गंजका पत्रा म्हणून पुढे निघून जाईल. त्यात त्याची चूक नाही. पण मी नुसता पत्रा नव्हे. मी पेट्रोल पंपावरची भावाची पाटी आहे. दीड माणसाएवढी उंची, लोखंडी पट्टीची कड आणि अंगावर दोन ओळींत आठ हूक. त्या हुकांवर रोज आकडे टांगले जात. पंचवीस वर्षे मी एका पुलाच्या तोंडाशी उभी होते. पुलाच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. मधे नदी आणि एक चौकी.

मला एका पेंटरने रंगवले. तो कमी बोलणारा माणूस होता आणि ब्रश कानावर अडकवून विचार करत असे. पंपाचा मालक मात्र बोलका, अंगाने रुंद, सगळ्यांना 'या, या' म्हणणारा. पेंटरने विचारले, आजचा भाव एवढेच लिहायचे ना? मालक म्हणाला, एवढेच नाही. आपला भाव वर आणि पुलापलीकडचा खाली. लोकांना दोन्ही एका नजरेत दिसले पाहिजेत.

याला कारण होते. त्या काळी आमच्या देशात पेट्रोलवर कर कमी होता आणि पलीकडे जास्त. पेट्रोल तेच, एकाच कारखान्यातून निघालेले, पण पूल ओलांडला की लिटरमागे बारा-तेराचा फरक पडे. मालकाला हे सगळ्या जगाला सांगायचे होते. म्हणून पेंटरने वर 'आपल्याकडे' लिहिले, खाली 'पलीकडे' लिहिले, आणि तळाशी 'दोन्ही भाव आपल्या पैशांत' असे घातले. हे शेवटचे मोठे लिहू की बारीक, असे त्याने विचारले. मालक म्हणाला, "बारीकच लिही. ते कोण वाचतंय."

आता पलीकडचा भाव रोज कळायचा कसा? त्याची सोय घरचीच होती. मालकाची धाकटी बहीण पलीकडे दिली होती, आणि तिच्या सासरचाही पेट्रोल पंपच होता, पुलाच्या दुसऱ्या तोंडाशी. भाऊबहिणीच्या पंपांमध्ये एक पूल काय तो होता. रोज सकाळी सात वाजता ती फोन करी. आधी दादाची तब्येत, मग वहिनीची, मग भाव. भाव तिच्या देशाच्या नाण्यात असे. मालक त्या दिवशीचा विनिमयदर धरून तो आपल्या पैशांत करी आणि खिडकीतून ओरडून लंबूला सांगे.

लंबू म्हणजे पंपावरचा सर्वांत जुना कामगार. चाळिशीचा होता, आणि इतका उंच की माझ्या वरच्या ओळीला हात लावायला त्याला स्टूल लागत नसे. तो पेटीतून पत्र्याचे आकडे काढी, फडक्याने पुसून हुकांना लावी, दोन पावले मागे जाऊन बघे. माझ्या अंगावर सर्वांत जास्त वेळा पडलेला हात त्याचाच.

पहिली सात वर्षे मालकाची भरभराट झाली. पलीकडच्या गाड्या पूल ओलांडून आमच्याकडे रांग लावत. माझ्यासमोर उभे राहून लोक मान डोलावत. बहिणीच्या नवऱ्याला हे सहन होईना. आपलीच बायको रोज सकाळी भावाला फोन करून आपले गिऱ्हाईक पळवते, असे तो म्हणे. बहिणीने त्याला काय उत्तर दिले ते मालक सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. ती म्हणाली होती, भाव आपल्याही पाटीवर लिहिलेलाच आहे, दादाला सांगितला म्हणून तो वाढत नाही की कमी होत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा फोन.

माझ्या दोन ओळींखाली वीतभर काळी जागा उरली होती. लांब पल्ल्याचे ट्रकवाले तिथे खडूने दूरदूरच्या देशांतले भाव लिहून जात. कुठे आमच्या दुप्पट, तर कुठे बाटलीतल्या पाण्याहून स्वस्त. वाचणारे हळहळत. लंबू मात्र प्रत्येक ट्रकवाल्याला आणखी एक प्रश्न विचारी. तिथे माझ्यासारख्या माणसाला एक लिटर घ्यायला किती वेळ राबावे लागते? हे कोणी लिहीत नसे, पण लंबूच्या डोक्यात सगळे पक्के होते. जिथे भाव दुप्पट होता तिथे पंपावरचा माणूस बारा मिनिटांत लिटर कमवी. लंबूला पाऊण तास लागे. आणि जिथे पेट्रोल पाण्याहून स्वस्त होते, तिथून आलेला एक म्हातारा ट्रकवाला म्हणाला होता की टाकीपुरते पाच मिनिटे राबावे लागते आणि पावापुरते तीन तास. लंबूने ते ऐकून खडूचा आकडा तसाच ठेवला.

मग दिवस फिरले. आमच्या सरकारने एकाच वर्षात दोनदा कर वाढवला. पलीकडच्या देशाची तब्येत बिघडली आणि त्यांचे नाणे घसरू लागले. पूर्वी त्यांच्या एका नाण्याचे आपले दोन होत, आता पावणेदोनच. याचा अर्थ सरळ होता. तिथल्या माणसाला तिथले पेट्रोल होते तेवढ्याच भावात, पण इथल्या माणसाला मात्र तिथे जाऊन भरणे स्वस्त.

त्या सकाळी बहिणीने बेचाळीस सांगितले. आमचा भाव होता ब्याऐंशी. मालकाने कागदावर गणित केले. बेचाळीस पावणेदोनाने गुणले, साडेत्र्याहत्तर आले. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मग त्याने कागद चुरगळला आणि बेचाळीसची दुप्पट करून लंबूला हाक मारली. चौऱ्याऐंशी.

लंबूने आकडे लावले आणि खिडकीकडे पाहिले. पैसे बदलून देणाऱ्याचे दुकान समोरच होते आणि दर बाहेर फळ्यावर असे, तो लंबूने येतायेता वाचला होता. मालक म्हणाला, "दुप्पटच करत आलोय आपण. गोल आकडा बरा." लंबूने पेटीचे झाकण लावले.

अशा रीतीने साडेआठने महाग असलेला पंप माझ्या अंगावर दोनाने स्वस्त दिसू लागला. मित्रांनो, मी पाटी आहे. माझ्यावर जे टांगाल ते मी सारख्याच चेहऱ्याने दाखवते.

जे नेहमी पलीकडे जात त्यांना लवकरच कळले, आणि ते काही न बोलता तिकडे भरू लागले. पण पुष्कळ जण माझ्याकडे पाहून इथेच भरत राहिले. त्यांत एक दूधगाडीवाली होती. पन्नाशीची बाई, बाह्या वर सरकवलेल्या, स्वतःच गाडी चालवणारी. अलीकडची पाच गावे आणि पलीकडची चार, एवढ्यांचे दूध ती रोज गोळा करी. पलीकडे चारही गावांतून फिरायची, पण पेट्रोल आमच्याकडेच भरायची, कारण टाकी भरताना ती रोज मला वाचत असे आणि हिशेब तिथेच संपे. महाग पेट्रोल भरून दहा महिन्यांनी पलीकडची फेरी तिला परवडेनाशी झाली. तिने ती चार गावे सोडली.

त्या चार गावांतले एक मालकाच्या बहिणीचे. दूधगाडी बंद झाली तेव्हा तिने बाईला निरोप धाडून विचारले, पेट्रोल महाग पडत होते तर माझ्याकडे का नाही भरलेत?

तिसऱ्या दिवशी दुपारी बहीण पूल ओलांडून चालत आली. चौकीवर कागद दाखवून ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. लग्नाला सतरा वर्षे झाली होती, पण मला तिने जवळून असे पहिल्यांदाच वाचले. दोन्ही ओळी वाचल्या, मग वाकून तळाची बारीक अक्षरे वाचली. मालक 'ये, ये' म्हणत बाहेर आला. ती आत गेली नाही.

"दादा, सकाळी मी किती सांगितले?"

"आजही बेचाळीसच."

"मग हे चौऱ्याऐंशी कुठून आले?"

"दुप्पट केले. तुझा आकडा मी बदललेला नाही."

"बदलला असतास तर मला कमी लागले असते," ती म्हणाली. "मी त्या दूधवाल्या बाईंना विचारले, एकदा समोरासमोर भाव का नाही बघितलात. त्या म्हणाल्या, पलीकडचा भाव त्यांची बहीणच सांगते, ती कशाला खोटे सांगेल. दादा, त्यांनी तुझ्यावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला होता."

मालक म्हणाला की तीन माणसांचे पगार द्यायचे असतात, कर त्याने वाढवलेला नाही आणि तिच्या देशाचे नाणेही त्याने पाडलेले नाही. हे सगळे खरेच होते. बहिणीने ते पूर्ण ऐकून घेतले.

"मग मला सांगायचं होतंस, उद्यापासून फोन करू नकोस. खालची ओळ रिकामी ठेवली असतीस. मी काही विचारलं नसतं."

एवढे बोलून ती आल्या वाटेने परत गेली. वहिनीने चहा टाकला होता, तो तसाच राहिला.

मालक आकड्यांची पेटी घेऊन आला. इतक्या वर्षांत त्याने माझ्या हुकाला हात लावला नव्हता. त्याने आठ आणि चार काढले, सात आणि तीन लावले. दशांशातला पाच घाईत उलटा लागला. लंबूने मागून येऊन तो सरळ केला.

संध्याकाळी मालक दूधगाडीवालीच्या घरी गेला. परत आल्यावर त्याने लंबूला जे सांगितले ते मी ऐकले. बाई कॅन धूत होती. तिने त्याचे सगळे ऐकले, रागावली नाही, बसा म्हणाली. मग म्हणाली की पलीकडची गावे आता दुसऱ्याने घेतली, आणि गवळ्यांना महिन्याला माणूस बदलायला सांगता येत नाही. ती पुढेही आमच्या पंपावर येत राहिली, टायरात हवा भरायला. पेट्रोल तिने पुन्हा इथे घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन वाजला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मालक फोनसमोर बसून राही आणि साडेसातला उठे. माझी खालची ओळ अकरा दिवस रिकामी होती. बाराव्या दिवशी त्याने स्वतः नंबर फिरवला. तब्येत विचारायच्या आधीच त्याने भाव विचारला. पलीकडून उत्तर आले, साडेएकेचाळीस. मालकाने तो लिहून घेतला. मग बहीण म्हणाली, "वहिनीचा गुडघा कसा आहे?"

तेव्हापासून फोन मालकानेच करायचा, असा रिवाज पडला. तिने पुन्हा कधी आपणहून भाव सांगितला नाही, पण त्याने विचारल्यावर सांगायची राहिलीही नाही.

खरा आकडा लावल्यावर गिऱ्हाईक ओसरले. तीन यंत्रांपैकी दोन बंद झाली. एका सकाळी लंबूने पेटी मालकाच्या टेबलावर ठेवली आणि सांगितले की पलीकडे ताईंच्या पंपावर माणूस हवा आहे. मालकाने त्याला अडवले नाही. उलट चौकीचे कागद स्वतः भरून दिले. पुढे मालकच पेटी उघडून आकडे लावू लागला, आणि त्याला रोज स्टूल लागे.

आता पंपांवर विजेच्या पाट्या आल्या आहेत. त्यांवर एकच ओळ असते, आपापली. मला काढून मागच्या भिंतीला टेकवून ठेवले आहे. माझ्या पाठीवर गंज चढला आहे आणि दोन हूक पडले आहेत. इथे आता टायर विकायचे दुकान आहे. नवा मालक मला भंगारात द्यायचे म्हणतो, आणि माझी त्याला हरकत नाही. पत्रा वितळतो आणि पुन्हा पत्रा होतो.

मित्रांनो, जाण्याआधी एकच सांगते. तुम्हीही कधीतरी दोन देशांचे भाव शेजारी शेजारी मांडाल. तेव्हा तो भाव कोणत्या दिवसाचा, कोणत्या नाण्यातला आणि तेवढे पैसे मोजणाऱ्याला त्यासाठी किती वेळ राबावे लागते, हे विचारा. पत्र्याला वर्षातून एकदा रंगाचा हात दिला की पुरतो. आकडा मात्र रोज सकाळी नव्याने पुसून लावावा लागतो, आणि त्याचा कंटाळा करू नका. ज्या पाटीवर लोक न तपासता विश्वास ठेवतात, तिला सर्वांत जास्त जपा.